तेलातलं तांबं

शुक्रवारी संध्याकाळी साकेतचा फोन आला तेव्हा मधुमती एकटीपुरत्या दोन पोळ्या लाटून तवा उतरवत होती. साकेत कधी फोन करत नसे. आकडे मेलने पाठवायचा आणि खाली एक हसरा चेहरा टाकायचा. त्यामुळे फोन वाजला तेव्हाच तिला काय ते कळलं.

"मॅडम, दीनानाथकाकांच्या गाडीचं तेल. तांबं जास्त येतंय."

"किती?"

"गेल्या वर्षीच्या चौपट. मला वाटलं मशीनचाच काही घोटाळा असेल, म्हणून परत चालवलं. तेच आलं."

"माहीत असलेला स्टँडर्ड नमुना लावून बघितलास?"

"आधी तेच केलं. तुम्हीच शिकवलंय ना, मशीनवर संशय घ्यायचा तर पुरावा द्यायचा." तो जरा घुटमळला. "रविवारी आहे ना शर्यत?"

"हो, रविवारीच."

"सॉरी मॅडम."

"तू कशाला सॉरी म्हणतोस? तांबं काय तू घातलंस?"

साकेत नागपूरचा. निवृत्त होण्याआधीचं वर्षभर मधुमतीने त्याला हाताशी धरून शिकवलं होतं. तेव्हा लॅब इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीतच होती. पुढे लॅब स्लाऊला हलली आणि साकेतही तिकडे गेला. मोठ्या यंत्रांच्या तेलाचे नमुने तपासायचे, एवढंच त्या लॅबचं काम. इंजिनात जे जे झिजतं त्याचे कण तेलात उतरतात, डोळ्यांना न दिसणारे. लोखंड आलं तर सिलिंडर झिजतोय, ॲल्युमिनियम आलं तर पिस्टन, आणि तांबं आलं तर बेअरिंग. मधुमतीने उभी हयात हे केलं होतं. इंजिन न उघडता त्याच्या पोटातलं सांगायचं. माणसांच्या बाबतीत तिला हे कधी जमलं नाही, असं ती स्वतःच म्हणायची, पण ते ऐकायला बहुधा कोणी नसे.

पोळ्या निवून गेल्या. बेअरिंग गेलेलं इंजिन भर वेगात काय करतं, हे तिने फोटोंत पुष्कळदा पाहिलं होतं. आतला दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो, तेल मागच्या चाकांखाली सांडतं, आणि मग गाडी कुठे जाईल हे चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. गाडीत दीनानाथकाकांची नात पूर्वी असणार, नाहीतर नातू वीर.

दुसरीही एक गोष्ट होती. यंदाची शर्यत त्या गाडीची शेवटची होती. सोमवारी गाडी संग्रहालयात जायची होती, कायमची. म्हणजे रविवारी गाडी पळाली नाही, तर ती आता कधीच पळणार नव्हती. शर्यतीच्या निमित्ताने वर्षातून ज्या दोन दिवशी लोक मधुमतीची "आली का, आली का" करत वाट बघायचे, ते दोन दिवसही तिथेच संपणार होते. हे तिने स्वतःशी अगदी स्पष्ट मांडून ठेवलं, कारण मोजमाप करणाऱ्याने आपल्याला कोणतं उत्तर हवंय ते आधी ओळखून ठेवावं, अशी तिची शिस्त होती.

तिला उत्तर हवं होतं, गाडी ठीक आहे. आणि आकडा म्हणत होता, नाही.

*

हार्कफील्ड हा एके काळचा विमानतळ. महायुद्ध संपलं, विमानं गेली आणि काँक्रीटच्या लांबरुंद धावपट्ट्या मेंढ्यांच्या ताब्यात आल्या. पुढे साठीच्या दशकात आसपासच्या काही गाडीवेड्या मंडळींनी एका दिवसासाठी शेतकऱ्याकडून ती जागा मागून घेतली आणि शर्यत लावली. सहा तासांची. सहाच का, तर सातव्या तासाला मेंढ्या परत आणायच्या होत्या, असं जुने लोक सांगतात. सुरुवातीच्या वर्षांत चालक धावत येऊन गाड्यांत उड्या टाकायचे. त्या धांदलीत एकजण दुसऱ्याच्याच गाडीत बसला आणि अख्खी फेरी मारून आला, हा किस्सा अजून दर वर्षी कोणी ना कोणी सांगतंच. पेट्रोलची टंचाई आली त्या वर्षी शर्यत तीन तासांची झाली. एका वर्षी असं धुकं उतरलं की फेऱ्या मोजणाऱ्यांना गाड्या दिसेनात. मग त्यांनी आवाजावरून मोजल्या आणि निकालावरून जी भांडणं झाली ती पुढच्या शर्यतीपर्यंत पुरली. मोजणाऱ्या म्हणजे चालकांच्या बायका. लाकडी खोपटात ओळीने पेन्सिली घेऊन बसायच्या. आता प्रत्येक गाडीच्या पोटाला एक डबी असते, तीच मोजते. मोठ्या कंपन्या आल्या, तंबू ठोकून राहिल्या आणि मंदी आली तशा निघून गेल्या. हार्कफील्डची शर्यत मात्र दर वर्षी होत राहिली.

दीनानाथकाका या इतिहासात मध्येच कुठेतरी शिरले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसलेला माणूस. कॉव्हेंट्रीला गाड्यांच्या कारखान्यात लागले आणि कारखान्यातल्या दोन मित्रांना घेऊन घरामागच्या शेडमध्ये त्यांनी ही दोन सीटची उघडी गाडी बांधली. पहिल्या वर्षी हार्कफील्डच्या गेटवरच्या माणसाने साडीवर ओव्हरकोट घातलेल्या लीलावतीकाकूंना पाहिलं, डब्यातल्या बटाटेवड्यांचा वास घेतला आणि त्यांची व्हॅन सरळ खाणावळवाल्यांच्या गेटकडे पाठवली. मित्र चिडले. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या हो, इथून जवळ पडतंय." तेव्हापासून आजतागायत ती व्हॅन त्याच गेटने आत जाते.

मुख्य गेटवर शर्यतीच्या इतिहासाचा फलक आहे, सगळ्या विजेत्यांचे फोटो लावलेला. एका फोटोत मागे काकांची गाडी दिसते. तिला कोणीतरी ओलांडून चाललंय.

मधुमतीला काकूंनीच ओढून नेलं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. "तू करतेस काय गं?" त्यांनी विचारलं. तेलात धातू शोधते, असं तिने सांगितलं, तेव्हा बाकीच्या बायकांनी मान डोलावून विषय बदलला. काकूंनी मात्र तिचं मनगट धरलं. "आमच्या ह्यांच्या गाडीचं बघशील?" तेव्हापासून दर वसंतात काकांच्या गाडीच्या तेलाची एक बाटली तिच्याकडे यायची. शर्यतीच्या दिवशी मधुमती पिटमधल्या, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेतल्या, घडीच्या खुर्चीवर बसायची, वडे खायची, आणि विचारलं तरच बोलायची. तिथे ते चालायचं.

काकू गेल्याला दोन वर्षं झाली होती. वडे आता सुपरमार्केटातल्या फ्रोझन पाकिटातले असायचे. कोणी त्याबद्दल काही बोलत नसे.

*

शनिवारी दुपारी ती पोचली तेव्हा गाडी चार स्टँडवर उचलून ठेवली होती आणि पूर्वी चाकाजवळ बसकण मारून काहीतरी आवळत होती. पूर्वी लंडनला दातांची डॉक्टर आहे. वीर तिचा धाकटा भाऊ. दोघं ईलिंगला वाढली.

"मधूमावशी! आली का, आली का!" पूर्वी ओरडली. "वीर, चहा टाक. मावशीला टीबॅग काढून दे, गेल्या वेळी तू विसरला होता."

"मी विसरलो नाही. तो स्ट्राँग बनवत होता."

"हो, डांबरासारखा."

दीनानाथकाका खुर्चीवर होते. चौऱ्याऐंशीचे, अंगाने वाळलेले, डोक्यावर लोकरी टोपी. मधुमतीने चहा हातात घेतला पण प्यायली नाही.

"काका, निकाल आला. तांबं चौपट आहे."

चाकाजवळचा पान्याचा आवाज थांबला.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "मग नाही पळवायची," ते म्हणाले.

एवढंच. ना वाद, ना प्रश्न. चाळीस वर्षं पळवलेली गाडी त्यांनी तीन शब्दांत बाजूला ठेवली, ती तिच्या एका आकड्यावर. आपल्यावर इतका विश्वास ठेवणारं माणूस जगात एकच उरलंय, असं तिला वाटलं, आणि तिने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"आजोबा, wait," वीर म्हणाला. "इंजिन ऐकली का तुम्ही? मस्त आवाज आहे. प्रेशर पण बरोबर आहे."

"आवाज बिघडतो तेव्हा उशीर झालेला असतो," काका म्हणाले.

"मावशी, शंभर टक्के आहे का?" पूर्वी हात पुसत उठली. "मी घाबरत नाही. मला फक्त सांग."

"शंभर टक्के काहीच नसतं," मधुमती म्हणाली. "थांब."

तिने फोनवर साकेतचा मेल उघडला. काल रात्री तिने तो इतक्या वेळा वाचला होता की आकडे पाठ होते. तरी एक गोष्ट तिला रात्रभर टोचत होती आणि तिने ती मुद्दाम मागे ढकलली होती, कारण ती तिच्या सोयीची होती. या इंजिनाच्या बेअरिंगच्या अस्तरात तांब्याबरोबर शिसं आणि कथीलही असतं. बेअरिंग झिजलं तर तिघांनी मिळून यायला हवं. शिसं गेल्या वर्षीएवढंच होतं. कथील जवळजवळ नव्हतंच. तांबं एकटंच आलं होतं.

हे तिने सांगितलं तसा वीर जागच्या जागी उडी मारून म्हणाला, "See? म्हणजे बेअरिंग नाही!"

"म्हणजे बेअरिंग नसावं. मग तांबं कुठलं? तेलाच्या कूलरमधून थोडं येतं, पण तुमचा कूलर ॲल्युमिनियमचा आहे. या इंजिनात तांब्याचं दुसरं काही नाही." ती काकांकडे वळली. "काका, तेल नेहमीसारखंच काढलंत ना?"

"नेहमीसारखंच," काका म्हणाले आणि टोपी सारखी केली.

"सरळ बाटलीत?"

"बाटलीतच दिली ना तुला."

तिने मान हलवली. "वीर, फिल्टर काढ. कापून बघू."

तेलाचा फिल्टर म्हणजे पत्र्याच्या डब्यात घड्या घालून बसवलेला कागद. बेअरिंग खरंच सोलपटत असेल तर त्या घड्यांत चकाकणारे कण सापडतात. वीरने डबा कापला, पूर्वीने हातमोजे घालून कागद टेबलावर पसरला, आणि मधुमतीने पर्समधलं भिंग काढून घडीमागून घडी बघायला सुरुवात केली. काळं तेल, काजळी, एका ठिकाणी सीलचा रबरी तुकडा. तिने हात हळू चालवला. एखादा कण सापडावा, असंही तिला मध्येच वाटून गेलं. म्हणजे प्रश्न तरी मिटला असता. शेवटच्या घडीपर्यंत कागद काळाच होता. कुठे काही चमकलं नाही.

"क्लीन," पूर्वी म्हणाली. "दातांपेक्षा क्लीन. मी पेशंट बघते, मला माहिती."

"क्लीन आहे," मधुमती म्हणाली. "पण मी हो म्हणू शकत नाही."

"मावशी!"

"तांबं आलंय ते खरं आहे. ते कुठून आलं हे मला माहीत नाही. जे माहीत नाही त्यावर मी तुला गाडीत बसवणार नाही."

पाच वाजता तांत्रिक तपासणी बंद होणार होती. त्याआधी गाडी नेली नाही तर नाव आपोआप वगळलं जाणार होतं. वीर काही न बोलता पाने पेटीत टाकू लागला, एकेक, जरा जोरानेच. काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते गाडीच्या नाकावर हात ठेवून बसून राहिले.

मधुमतीने बाहेर येऊन साकेतला फोन लावला. "साकेत, नमुन्यांची अदलाबदल तर झाली नाही ना? दुसऱ्या कोणाची बाटली... हो, माहितीये तू असं करत नाहीस. पण बघ एकदा. माझंही चुकलं असेल. लेबल मीच लावलं होतं." बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की काका मागे उभे आहेत, व्हॅनच्या दाराला धरून. तिने फोन ठेवला.

"त्या पोराला कशाला दोष देतेस?" काका म्हणाले.

"दोष नाही देत. सगळ्या शक्यता बघतेय."

"तुझंही चुकलं नाही." ते व्हॅनच्या पायरीवर बसले. पलीकडे कोणीतरी इंजिन तापवत होतं, त्याचा आवाज चढत उतरत होता. तो थांबला तेव्हा ते म्हणाले, "मी तामणात काढलं."

"कशात?"

"तुझ्या काकूच्या तामणात. पूजेच्या."

मधुमतीने फोन पर्समध्ये टाकला.

"देव समर घेऊन गेला ईलिंगला," ते म्हणाले. समर म्हणजे त्यांचा मुलगा, वीर आणि पूर्वीचा बाप. "नवीन देव्हारा केलाय त्याने, लाइटबिट लावून. भांडी राहिली माझ्याकडेच. आता हे बघ, मी गाडीखाली पडून नट सोडणार, तेल येणार धारेने. बाटलीचं तोंड एवढंसं. ती धरायला कोणीतरी लागतं. इतकी वर्षं ती धरायची. पदर खोचून बसायची तिथे आणि वर मलाच ओरडायची, सांडू नका म्हणून." ते थांबले. "गेल्या वर्षी वीर आला होता, यंदा कोणी नव्हतं. रुंद तोंडाचं, जमिनीवर आपलं आपण राहील असं काय आहे घरात, ते शोधत होतो. तामण दिसलं. काळं पडलं होतं, म्हणून आधी चिंच लावून घासलं. आता पूजेच्या भांड्यात घाण तेल घ्यायचं तर निदान घासून तरी घ्यावं."

"आणि मग बाटलीत ओतलंत?"

"बाटली सापडेना. तुझ्याकडून नवीन यायची होती. मग ते तसंच राहिलं शेडमध्ये, झाकून. महिनाभर असेल."

गंधकाचं रसायन घातलेलं जुनं, आम्ल झालेलं तेल, नुकतंच चिंचेने घासलेलं उघडं तांबं आणि एक महिना. मधुमतीच्या डोक्यात ते सगळं आपोआप जुळून गेलं. शिसं वाढलेलं नाही, कथील नाही, तांबं तेवढं वाढलंय. फिल्टरच्या घड्या कोऱ्या. आता पुरावा दोन्हीकडून एकच सांगत होता.

"काका, हे तुम्ही आत सांगितलं असतंत तर?"

"पोरांसमोर? आजोबांनी आजीच्या तामणात इंजिनाचं तेल काढलं म्हणून?" ते हसले, पण नीट नाही. "तिने मारलं असतं मला."

"म्हणून गाडी बंद करत होतात?"

काका पायरीखालची माती बुटाने बाजूला सारू लागले.

"मला हाक मारायची होतीत," मधुमती म्हणाली. "बसने दहा मिनिटांवर राहते मी."

"एक बाटली धरायला?"

"हो. एक बाटली धरायला."

काकांनी खांदे उडवले आणि टोपी काढून पुन्हा घातली. दोन वर्षांत त्यांनी तिला एकदाही फोन केला नव्हता, आणि तिनेही केला नव्हता. त्यांना कामाशिवाय त्रास कशाला द्यायचा, असा तिचा हिशेब होता. त्यांचाही तोच असणार, हे तिला आत्ता, व्हॅनशेजारी उभं राहून कळत होतं.

ती आत गेली. "पूर्वी, इंजिन ठीक आहे. नमुना घेताना भांड्याचं तांबं तेलात उतरलंय. मी खात्री करून घेतली."

"कुठला भांडं?" वीरने विचारलं.

"एक जुनं भांडं होतं," मधुमती म्हणाली. "चल, गाडी उतरव. पाचला दार बंद होतं."

*

रविवारी आभाळ राखेच्या रंगाचं होतं पण पाऊस नव्हता. गाडी सुटली, आणि पहिल्या तासात तिला सगळ्यांनी ओलांडलं, नेहमीसारखं. वीरने तीन तास चालवली, मग पूर्वी बसली. मधुमती खुर्चीवर बसून कान देत होती. प्रत्येक फेरीला गाडी समोरून जाताना तिला तो आवाज बाकीच्या आवाजांतून वेगळा काढता येत होता. हो म्हणण्याची जबाबदारी तिची होती, आणि ती सहा तास तिच्या मांडीवर बसून होती. वीरने पुढे केलेला वडा तिने हातात घेतला आणि तसाच निवू दिला.

शेवटच्या अर्ध्या तासात आवाज बदलला. ती खुर्चीवरून उठली, पण इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. बदल दुसऱ्याच कशाचा होता.

"गिअर गेली," वीर हेडफोन दाबून म्हणाला. "ती सांगते, फक्त पहिला राहिला. बाकी काहीच नाही."

"गिअरबॉक्स मी बांधलाय," काका म्हणाले. "इंजिन त्याचं काम करतंय ना? मग ठीक."

पहिल्या गिअरवर गाडी रांगत चालते. तशीच आणखी फेऱ्या मारत राहिली तर ती वाटेतच बंद पडण्याची भीती, आणि हार्कफील्डचा नियम असा की वेळ संपल्यावर जी गाडी आपल्या पायांनी रेषा ओलांडेल तिचीच निकालात नोंद. बाकीच्या गाड्यांचं नाव राहतं, पण पुढे फक्त एक आडवी रेघ. त्यासाठी तिथे पहिल्या वर्षापासूनची एक सोय आहे. धावपट्टी इतकी रुंद की अंतिम रेषेच्या अलीकडे, एका कडेला, रस्त्यावरचे नारिंगी कोन लावून थोडी जागा राखलेली असते. लंगडी गाडी तिथे येऊन थांबते आणि झेंडा पडेपर्यंत वाट बघते. लोक त्या जागेला 'वेटिंग रूम' म्हणतात. तिथला मार्शल, म्हणजे झेंडे घेऊन उभा असलेला शर्यतीचा माणूस, चालकाला चहा देतो.

पूर्वी तिथे येऊन थांबली. इंजिन चालूच ठेवलं. एकदा बंद केलं तर पुन्हा लागेल याचा भरवसा नव्हता.

काका, वीर आणि मधुमती पिटच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. समोर शंभरेक पावलांवर गाडी होती, गुरगुरत. मार्शलने पूर्वीला कागदी कप दिला. तिने हेल्मेटची काच वर करून चहा प्यायला आणि भिंतीकडे बघून कप उंचावला.

"चीअर्स करते," वीर म्हणाला. "पागल आहे."

बाकीच्या गाड्या शेजारून झपाट्याने जात होत्या. ती एकटी जागच्या जागी थरथरत उभी होती. मधुमतीने आयुष्यात बऱ्याच वेळा असं वाट बघितलं होतं. स्टेशनवर, हॉस्पिटलात, बदलीच्या उत्तरासाठी. पण दुसऱ्या कोणाबरोबर उभं राहून, एकाच गोष्टीकडे बघत, अशी वाट बघितल्याचं तिला आठवेना.

"तुझी काकू इथेच उभी राहायची," काका म्हणाले. "डोळे मिटून. म्हणायची, झालं की सांगा."

झेंडा पडला. विजेती गाडी गेली, मागोमाग दुसऱ्या गेल्या, आणि सगळ्या पुढे गेल्यावर कोनांमधून काकांची गाडी बाहेर आली. चालत्या माणसाच्या वेगाने तिने रेषा ओलांडली. फलकावर तिचा क्रमांक आला, सगळ्यांच्या खाली. पुढे आडवी रेघ नव्हती.

"झालं," मधुमती म्हणाली.

काकांनी डोळे उघडले तेव्हा तिला कळलं, की ते मिटलेले होते.

*

माणसं पांगली. वीर आणि पूर्वीला लंडन गाठायचं होतं. दोघांनी काकांना मिठी मारली, मधुमतीला मारली, "मावशी, पुढच्या वर्षी" असं म्हणायला पूर्वीने तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी न्यायला संग्रहालयाचा ट्रक सकाळी येणार होता. ती अजून गरम होती, स्टँडवर चढवलेली.

"मधुमती," काका म्हणाले. ते जमिनीवर बसले होते, हातात पाना घेऊन. "बाटली आहे का तुझ्याकडे?"

पर्समध्ये तिच्या नेहमी एक असे. कशाला, हे तिने विचारलं नाही. संग्रहालयातल्या गाडीचं तेल कोणी तपासत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तिने कोटाच्या बाह्या वर सारल्या, त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि नटाखाली बाटली धरली.

"सांडू नका," ती म्हणाली.

गरम तेलाची धार बरोबर बाटलीत पडली. थोडं तिच्या बोटांवर आलं.

बुधवारी संध्याकाळी साकेतचा मेल आला, खाली हसऱ्या चेहऱ्यासकट. तिने तवा खाली उतरवून ठेवला आणि काकांना फोन लावला. दोनदा वाजल्यावर त्यांनी उचलला. मागे टीव्ही होता; त्यांनी तो बंद केला.

"निकाल आला," ती म्हणाली.

"सांग."

"शिसं वाढलेलं नाही. कथील नाही."

"बरं."

"लोखंड थोडं. जुनं इंजिन आहे, तेवढं असणारच."

"असणारच. आणि?"

"ॲल्युमिनियम नेहमीएवढंच. क्रोमियम नाही." तिने आकडे उतरवून घेतलेला कागद जवळ घेतला. इतकं सविस्तर तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. लोकांना फक्त चांगलं की वाईट एवढंच हवं असायचं. "सिलिकॉन किंचित."

"ते कशाचं?"

"धुळीचं. धावपट्टीवरची धूळ."

"हार्कफील्डची," काका म्हणाले. "आणि?"

ती पुढचं सांगत गेली. सोडियम, कॅल्शियम, मग जस्त, जे तेलातच घातलेलं असतं आणि ज्याचा काही अर्थ नसतो, तेही सांगितलं. ते प्रत्येकाला बरं म्हणत होते. शेवटची ओळ संपली. तिला वाटलं, आता ते ठेवतो म्हणतील.

"तांबं राहिलं," काका म्हणाले. "तांबं किती ते सांगितलंच नाहीस."

"तांबं वाढलेलं नाही, काका. गेल्या वर्षीएवढंच."

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी ते तामण घासलं परत. सगळं निघत नाही. काठाला काळं राहिलंय."

"पितांबरी आहे माझ्याकडे," मधुमती म्हणाली. "उद्या घेऊन येते."